निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही

महाराष्ट्रात पेट्रोल कुठं सगळ्यात महाग, अशी बातमी आली की तिच्यात परभणीचं नाव असतंच. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघतो, तीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून आमच्याकडं पोचतो, आणि त्या वाहतुकीचा भार लिटरमागं आमच्यावर बसतो. २०२१ च्या मे महिन्यात साध्या पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा बातम्यांत परभणी पुढं होती. एप्रिल २०२२ मध्ये भाव १२३ रुपयांच्या वर गेला. पुढं केंद्रानं आणि राज्यानं कर कमी केले, भाव उतरला, तरी राज्याच्या यादीतली आमची जागा फारशी हलली नाही.

हे आधी सांगितलं, कारण आमच्या घरात गेले कित्येक महिने जो विषय चाललाय त्याला इथूनच तोंड फुटलं. घरची एर्टिगा दहा वर्षांची झाली. २०१५ च्या दिवाळीत घेतलेली डिझेलची गाडी, मागच्या दारावर 'एसएचव्हीएस' असा बिल्ला, म्हणजे हायब्रिड. ती ठेवायची, की तिच्या जागी घरच्या प्लगवर चार्ज होणारी गाडी आणायची? प्रश्न गाडीचा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना आम्ही भावंडं दर वेळी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागं जाऊन पोचतो, आणि मग गाडी बाजूला राहते.

आमचं गाव मानवत तालुक्यात, परभणीहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. मुलांची शाळा म्हणून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, परभणीत घर बांधलं आणि पुढं आम्ही सख्खी-चुलत भावंडं तिथंच एका छपराखाली वाढलो. आज त्या घरात आई, दादा, वहिनी आणि पुतण्या राहतात. दादा एक दिवसाआड शेतावर जातो. मी परभणीतच शाळेत शिकवते, धाकटा भाऊ बापू पुण्याला नोकरीत, चुलतभावाचं इथंच दुकान, चुलतबहीण सेलूला दिलेली. काकांच्या आणि अण्णांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या, भांडीकुंडी वाटली, देवघरातले टाकसुद्धा दोन घरी गेले. गाडी मात्र दोन्ही घरांनी मिळून घेतली आणि ती आजही दोन्ही घरांची आहे. म्हणून तिचा निर्णय एकट्यादुकट्यानं होण्यासारखा नव्हता.

आमची पिढी लाईटची वाट बघत मोठी झाली. गावच्या वाड्यात ढाळजेत एक आणि माजघरात एक असे दोन बल्ब होते. पिकांना पाणी द्यायच्या दिवसांत सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू झाल्या की त्या बल्बांतली तार नुसती लाल दिसायची. दिवेलागणीला कंदिलाच्या काचा पुसणं हे आम्हा मुलींचं काम. चुलीतली चाळलेली राख, जुन्या धोतराचा बोळा, आणि काचेत हात जाईल अशी लहान मुठीची पोरगी. ते बरीच वर्षं माझ्याकडं होतं. वात कात्रीनं सरळ कापायची, तिरकी राहिली की एका अंगानं काजळी धरते आणि रात्रभर त्या बाजूला अंधार. रॉकेल रेशनवर मिळायचं. त्याचा कॅन माळवदाच्या जिन्याखाली ठेवलेला असे, आणि तो निम्म्यावर आला की अण्णा विचारायचे, "कॅन कुणी बघितला?" कुणीतरी उठून बघायचंच.

आणि वीज काही लांब तयार होत नव्हती. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण, त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला १९७१ पासून कोळशावरची वीज, आणि त्या केंद्राला लागणारं पाणी आमच्याच सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातून, गोदावरीचं. शाळेत भूगोल शिकवताना मी हे दर वर्षी सांगते. नदी आमची, बंधारा आमच्या जिल्ह्यात, उच्चदाबाच्या तारा जिल्ह्यातल्या कापसावरून गेलेल्या, आणि त्या तारांखालच्या घरात कंदील. याचा राग आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्यांनी दुसरी सोय करून ठेवली.

ती दुसरी सोय म्हणजे विहिरीवरचं इंजन. अण्णांनी विजेची मोटार बसवली तेव्हा जुनं डिझेल इंजन विकून टाक, चांगले पैसे येतील, असं काकांनी सुचवलं होतं. अण्णांनी ते विकलं नाही; पत्र्याची खोप करून त्याच्यावर पोतं टाकून ठेवलं. चालू करताना वरची दांडी उचलून धरायची, हँडल घालून चाकाला जोरात गरागरा फिरवायचं, आणि वेग आला की दांडी सोडून द्यायची. वेळ चुकली तर हँडल उलटं येऊन मनगटाला लागतं, म्हणून आम्हा लहानांना जवळ उभं राहायची परवानगी नव्हती. दादा आणि चुलतभाऊ दोघं मिळून हँडल मारायचे. पहिला दणका, मग दुसरा, मग धुराचं एक काळं वर्तुळ आणि एका लयीत ठोके. कुणाच्या विहिरीवरचं इंजन चालू झालं ते आवाजावरून अख्ख्या शिवाराला कळायचं.

एका वर्षी ऐन गव्हाच्या ओंब्या भरताना गावची डीपी जळाली. दुसरी येईपर्यंत कित्येक दिवस गेले. ज्यांच्याकडं इंजन नव्हतं त्यांचा गहू वाळला. आमच्या इंजनानं आधी आमचं रान भिजवलं, मग शेजारच्या दोघांचं. त्या हंगामात आम्ही पोरं जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं: विजेवर जगावं, पण एकट्या विजेच्या भरवशावर राहू नये.

पुढची वर्षं तेच शिकवत गेली. ६ जून २००५ ला वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमाराला भारनियमन असं आलं की त्याचं वेळापत्रक पेपरात छापून येऊ लागलं. जिथं गळती आणि थकबाकी जास्त, तिथं लाईट जास्त वेळ बंद; मराठवाड्यातली बहुतेक गावं त्या हिशोबानं शेवटच्या गटांत. दिवसाचा निम्मा वेळ अंधाराचा. लग्नाचा मुहूर्त गुरुजींना विचारायचा आणि लाईटची वेळ वायरमनला. दळणाचे डबे गिरणीपुढं रांगेत, थ्री फेज येईल त्या वेळी ज्याचा नंबर त्यानं जायचं, मग रात्रीचे दोन का वाजेनात. दादा बॅटरी आणि काठी घेऊन रात्री पाणी द्यायला निघायचा आणि तो परत येईपर्यंत वहिनी अंगणात बसून राहायची. पायाखाली काय येईल ते सांगता येत नव्हतं. शिवारात साप चावून माणसं गेल्याचं आम्ही ऐकलेलं नव्हतं, बघितलेलं होतं.

मग २०१२-१३ चा दुष्काळ. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. खडक्याला गोदावरीचं पात्र उघडं पडलं होतं. नदी आटली की वीज आटते, हे तेव्हा परभणी-बीडच्या लोकांइतकं उघड्या डोळ्यांनी कुणी बघितलं नसेल.

अशा घरात हायब्रिड गाडी येणं मला आज फार स्वाभाविक वाटतं. आमचं सगळं घरच दुहेरी होतं. गॅस आला तरी चूल मोडली नाही, वर स्टोव्हसुद्धा राहिला. बल्बखाली कंदील टांगलेला. इन्व्हर्टर घेतला तरी मेणबत्त्यांचा पुडा फडताळात. काकांनी सेकंडहँड ओम्नी घेतली, तिला गॅसकिट बसवलेलं होतं. पुढं एक बटण, एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस. गॅस संपला की गाडी आचके द्यायची, काका चालत्या गाडीत बटण फिरवायचे आणि दोन श्वासांनंतर ती पुन्हा ओढायला लागायची. मागं कोंबून बसलेली आम्ही पोरं त्या दोन श्वासांत गप्प असायचो. आजही चुलतबहीण सेलूहून आली की हे बटण निघतंच, आणि काकांची आठवण तिथूनच सुरू होते.

एर्टिगा घेताना दुकानदारानं हायब्रिड म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. अण्णांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि घरी येऊन आम्हाला त्यांच्या भाषेत सांगितलं: "सिग्नलला थांबली की इंजन आपोआप झोपतं, क्लच दाबला की जागं होतं. ब्रेक मारताना जे वाया जायचं ते बॅटरीत साठतं, आणि गाडी उचलताना ते थोडं कामाला येतं." इतकंच होतं ते. एकट्या विजेवर ती गाडी एक हातभरसुद्धा चालत नाही. तिच्यात १.३ लिटरचं डिझेल इंजन आणि त्याला हातभार लावणारी एक छोटी मोटार. त्या वर्षी केंद्र सरकारची विजेच्या वाहनांना उत्तेजन देणारी 'फेम' योजना १ एप्रिलपासून सुरू झाली होती आणि अशा गाड्यांनाही तिच्यातून १३ हजारांची सवलत मिळायची. २०१७ च्या एप्रिलपासून ही सवलत काढून घेतली, आणि माझ्या मते ते बरोबर होतं, कारण तिच्यात वीज नावालाच होती. पण कागदावर लिटरला साडेचोवीस किलोमीटर लिहिलेली, सात माणसं बसणारी गाडी आमच्यासाठी त्या वेळी अगदी योग्य होती. अण्णांना दोन गोष्टी आवडल्या: ती डिझेलवर चालत होती, आणि तिच्यात दोन सोयी होत्या.

गाडीबरोबर अण्णांचा नियम आला. टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. कुणीही गाडी नेवो, परत लावताना काटा निम्म्याच्या वर असला पाहिजे. हा नियम रॉकेलच्या कॅनचाच होता, इंजनाच्या डिझेलचाही तोच. बापूला तो जाच वाटायचा. पुण्याहून आला की म्हणायचा, पंप कोपऱ्यावर आहे, कशाला एवढं? मग एका पावसाळ्यात मध्यरात्री अण्णांच्याच छातीत कळ आली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबू नका, नांदेडला न्या. पाऊस असा की वायपरला पुरत नव्हता. दादानं किल्ली फिरवली, चुलतभाऊ शेजारी बसला, मागं आई आणि मी, अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. त्या रात्री टाकीत डिझेल आहे का, असं कुणीच कुणाला विचारलं नाही. ते असणारच होतं. अण्णा त्या खेपेला परत आले, पुढं काही वर्षं आमच्यात राहिले. ते गेल्यानंतरही गाडीचा काटा कुणी निम्म्याखाली जाऊ दिलेला नाही, बापूनंसुद्धा.

तेव्हा गाडी बदलायची म्हणजे काय बदलायचं, हे यावरून कळेल.

विषय पुतण्यानं काढला. तो इंजिनिअरिंग करतो. त्यानं वहीत हिशोब मांडून आणला. दादाचं शेत आणि परत, मधली बाजारहाट धरून महिन्याला चौदा-पंधराशे किलोमीटर होतात. जुनी एर्टिगा आता लिटरला सतरा-अठरा देते, डिझेल नव्वदीच्या पुढं; म्हणजे किलोमीटरला पाच रुपयांच्या वर. विजेची छोटी गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. घरगुती वीज सगळे आकार धरून दहा-बारा रुपये युनिट पडली तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच. महिन्याला साडेचार-पाच हजार वाचतात. बँकेचा हप्ता त्याहून बराच मोठा आहे, हेही त्यानंच खाली लिहिलं होतं. मला त्याचं हे आवडलं. नुसत्या इंधनाच्या बचतीत गाडी फुकट पडते असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ती लवकर परवडते, आमच्यासारख्याला पाच-सात वर्षं धीर धरावा लागतो.

आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "गाडी चांगली चालायली की रे. मग कशाला बदलायलात?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे इंजन अजून ठणठणीत आहे. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळं अशी गाडी नवी मिळायचीही नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे २०३० पर्यंत कागदोपत्री काही अडचण नाही. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर आली तशी बंदी आपल्याकडं नाही. क्लच एकदा बदलला, मोठी बॅटरी वयोमानानं एकदा बदलली, आता पुढचे शॉकॲबसॉर्बर बोलायला लागलेत.

बापूनं फोनवरून विचारलं, दोन्ही असलेली गाडी नाही का मिळत? घरी चार्ज करायची, पन्नास-साठ किलोमीटर विजेवर जायची आणि लांब निघालं की पेट्रोलवर? मला वाटतं आमच्या घराच्या मनातली गाडी तीच होती. अशा गाड्या जगात आहेत. टोयोटानं १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली, हायब्रिडचा जमाना तिथून सुरू झाला, आणि २०१२ च्या सुमाराला तिची प्लगवर चार्ज होणारी आवृत्तीही विकायला आली. चीनमध्ये आज त्या ढिगानं विकल्या जातात. आपल्याकडं मात्र त्या परदेशी बनावटीच्या, फार महागड्या. मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी एकही नाही. २०२२ पासून हायरायडर, ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस अशा खऱ्या अर्थानं हायब्रिड गाड्या आल्या, त्या थोडं अंतर नुसत्या विजेवर जातात, पण त्यांना प्लग नाही. शेवटी पेट्रोल पंपावरच जायचं, आणि पेट्रोल परभणीचं. म्हणजे आमच्या स्वभावाला साजेशी गाडी बाजारात नाही. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला वीज, आणि निवड आमची.

मला वाटलं होतं की पुण्यातला बापू विजेच्या बाजूनं बोलेल आणि शेतकरी दादा विरोधात. झालं उलटं. बापू म्हणाला, आक्का, अजून दोन वर्षं थांबा, बॅटऱ्या स्वस्त होतील. आणि दादा म्हणाला, "घेऊ."

दादाचं मत कशानं फिरलं ते मी बघितलेलं आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतून त्याला पंप मिळाला. दहा टक्के हिस्सा भरला, बाकी सरकारचं. विहिरीशेजारी सौर पॅनेल उभी राहिली आणि ज्या माणसानं जवानीतल्या अर्ध्या रात्री थ्री फेजची वाट बघत काढल्या, तो सकाळी नऊला बटण दाबून उसाला पाणी सोडायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं मला शेतावरून फोन केला. "आक्का, उन्हात पाणी चाललंय," एवढंच म्हणाला आणि थोडा वेळ बोललाच नाही. मी दादापेक्षा लहान, पण बापू मला आक्का म्हणतो म्हणून सगळं घरच म्हणतं. त्या खोपीतलं इंजन अजून आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याच्यावरचं पोतं निघालेलं नाही.

म्हणून दादानं अट घातली: आधी गच्चीवर सौर, मग गाडी. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. परभणीचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ज्या उन्हानं आमच्या बापजाद्यांना भाजून काढलं त्यातून दिवसाला सरासरी दहा-बारा युनिट निघतात. घरचा वापर आणि गाडीचं चार्जिंग मिळून जवळपास तितकंच होतं.

इथं एक गोष्ट कळली जी माझ्या ओळखीच्या बहुतेक लोकांना ठाऊक नव्हती. गच्चीवरचं साधं सौर, जे महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं, ते लाईन गेली की स्वतःही बंद पडतं. बाहेर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलटा करंट जाऊन झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. आईला हे सांगितल्यावर ती चकित झाली. "ऊन पडलेलं असताना?" हो, लख्ख ऊन असतानाही. त्यावर उपाय आहे, बॅटरीसहचा हायब्रिड इन्व्हर्टर, पण त्याचे पैसे वेगळे. वायरमनच्या जिवासाठी केलेली व्यवस्था आहे म्हटल्यावर आई म्हणाली, मग बरोबर आहे.

आणि लाईट आता जाते किती? शहरात भारनियमन असं उरलेलं नाही. वळवाचा पाऊस आला, वादळात झाड तारेवर पडलं, की तीन-चार तास, कधी रात्रभर. गावी डीपी अजून जळते. रोज रात्री चार्जिंगला लावणाऱ्या गाडीला एक रात्र लाईट गेल्यानं काही होत नाही. छोट्या गाडीतसुद्धा खरे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर असतात, आणि शेताची फेरी ऐंशीची. अडचण तेव्हा, जेव्हा ती एक रात्र नांदेडला जायची असेल. हे आईनं म्हटलं नाही, मी म्हटलं नाही, पण दोघींच्या मनात तेच होतं. शेवटी वहिनी बोलली. तिनं सांगितलं, अण्णांचा नियम हिलाही लावायचा, निम्म्याखाली नाही. निम्म्यावर नांदेड येतं.

मला हे सगळ्यात जास्त पटलं. आमच्या पिढीकडं विजेच्या गाडीसाठी लागणारी शिस्त आधीपासूनच आहे. अंतर मोजून निघणं, किती उरलंय ते बघणं, रात्री झोपायच्या आधी सगळं भरून ठेवणं, लाईट आहे तोवर मोटार चालवून हौद भरून घेणं, हे आम्ही जन्मभर केलं. पुण्या-मुंबईच्या लोकांना चार्जिंग संपायची जी धास्ती वाटते, तिच्यासकट आम्ही वाढलो. भीती असताना कसं वागायचं ते आम्हाला घरात शिकवलं गेलं.

राहता राहिला पुण्याचा रस्ता. दिवाळी, लग्नं, बापूकडचं जाणं-येणं. साडेतीनशे-चारशे किलोमीटर, आणि सोबत लाडू-चिवड्याचे डबे, ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर इथं वेगानं चार्ज करणारी केंद्रं आहेत, पण छोट्या गाडीला वाटेत दोनदा थांबावं लागेल, आणि आईला तितका वेळ गाडीत बसवत नाही. त्यासाठी मोठी बॅटरी, मोठी गाडी हवी. ती आम्हाला आज झेपणार नाही.

तेव्हा ठरलं ते असं. एर्टिगा विकायची नाही. दहा वर्षांच्या डिझेल गाडीचे जे येतील त्यापेक्षा ती आम्हाला जास्त उपयोगाची आहे. लांबच्या प्रवासाला, माणसं जास्त असली की, आणि लाईट नसलेल्या रात्री ती राहील. २०३० ला नोंदणी संपेल तेव्हा पुन्हा बसू. रोजच्या शेताच्या फेरीला विजेची छोटी गाडी. पैसे दादा आणि चुलतभाऊ निम्मे-निम्मे घालणार, सौरचा खर्च मी आणि बापू. बापू अजूनही थांबा म्हणतो, पण त्यानं त्याचा वाटा पाठवून दिलाय.

मला या ठरावात एकच गोष्ट खटकते आणि ती मी घरात बोलून दाखवली आहे. दोन गाड्या ठेवल्या की दोन विमे, दोन देखभाली, आणि उभी राहणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. पोत्याखाली इंजन ठेवणं परवडत होतं. त्याला विमा नव्हता. म्हणून एर्टिगा आठवड्यातून एकदा तरी चुलतभावाच्या दुकानाच्या मालासाठी सेलू-जिंतूरकडं फिरलीच पाहिजे, असं लिहून भिंतीला लावलंय.

घराची वायरिंग अण्णांच्या वेळची, लाकडी पट्टीवरची. ती गाडीचा भार सोसणार नाही. मीटरपासून अंगणापर्यंत जाड तांब्याची वेगळी लाईन, स्वतंत्र एमसीबी, पंधरा अँपिअरचा सॉकेट, असं काम निघालंय. वाढीव भाराचा अर्ज महावितरणकडं दिला आहे. अर्थिंग नवीन घ्यायचंय. खड्डा, मीठ, कोळसा, सगळं आणून ठेवलंय. जागेवरून पुतण्या आणि दादा यांचं जुळत नव्हतं. पुतण्याला तो मीटरजवळ हवा होता, म्हणजे वायर कमी लागेल. दादा म्हणाला, तिथली माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग धरत नाही. न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं बारा महिने ओल असते. मिस्तरीनंही दादाचंच म्हणणं उचललं. न्हाणीच्या बाजूला खड्डा घ्यायचा ठरला, वायर दहा-बारा फूट जास्त लागली तरी चालेल.